हल्ली लोक पुटपुटतात

६ जुलै २०२५, रविवार. पहाटे ५.२०

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पुढे सत्काराच्या वेळी लोक विचारतात, सुरुवात कशी झाली. तेव्हा नेमकी तारीख सांगता यावी, एवढ्यासाठीच.

तर सुरुवात अशी. मी चन्नवीर हत्तुरे, वय ४८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटवर सुपरवायझर. अकरा वर्षं माग चालवला, त्यानंतर सतरा वर्षं सुपरवायझरकी. तब्येत ठणठणीत. युनिटमध्ये कुणाला लागलं-खरचटलं तर मलमपट्टी मीच करतो. डोकं दुखलं तरी माणसं आधी माझ्याकडे येतात, मग मेडिकलवाल्याकडे. हात गुणाचा आहे, फक्त डिग्री नाही. बारावी सायन्सला डॉक्टरकीची अ‍ॅडमिशन थोडक्यात हुकली. थोडक्यात म्हणजे बत्तीस टक्क्यांनी, पण तेव्हा पेपर अवघड असायचे.

आता नोकरी करणाऱ्यांसाठी बी.एस्सी. ह्युमन हेल्थ सायन्सेस निघालंय. तीन वर्षं. वर्ग शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. मालकांनी शनिवारची अर्धी सुट्टी दिली. त्यांनी "शिका की" म्हटलं की "शिकता की काय" म्हटलं, नीट कळलं नाही, पण मान हलवली होती.

संकल्प : रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.

सकाळी ८.४०. मधेच डोळा लागला. उद्यापासून.

१३ जुलै, रविवार

पहिला वर्ग. मी आत गेलो तेव्हा सगळा वर्ग उठून उभा राहिला. मी बाकावर बसल्यावर खाली बसले. एकूण एकेचाळीस जण, बहुतेक सगळे एकोणीस-वीसचे. मला काका म्हणतात. शेजारी उदयसिंह नावाचा मोडनिंबचा मुलगा बसतो. अक्षर चांगलं आहे त्याचं.

शिकवायला उत्कर्षा मॅडम. तिशीच्या आतल्या, लई हुशार. एकच दोष, तोंडातल्या तोंडात बोलतात. हा या पिढीचाच दोष आहे. आमच्या वेळचे मास्तर बोलले की गावाबाहेर ऐकू जायचं.

तरी मी नोट्स घेतल्या. आजचा मुख्य मुद्दा : जास्त मीठ खाल्ल्यास चटणीवर परिणाम होतो. हे मात्र सोलापुरात कुणालाही पटेल.

२० जुलै, रविवार

उदयसिंहने माझी वही बघितली आणि "चटणी" खोडून "किडनी" लिहिलं. असेलही. मिठाशी दोन्हींचा संबंध आहे.

घरी येताना सौ. दानेश्वरीचा फोन. साबण आणायला सांगितला, असं ती आता म्हणते. मी अर्धा किलो शाबू आणला. आज एकादशी नाही, हे मला ठाऊक होतं, पण बायकांचे उपवास विचारू नयेत. तिने शाबूची पुडी बघितली आणि स्वतः चप्पल घालून दुकानात गेली. फोनचं नेटवर्क दिवसेंदिवस बिघडत चाललंय.

२ ऑगस्ट, शनिवार

पहाटेच्या अभ्यासाचा हिशोब : सत्तावीस दिवसांपैकी चार. पण जे चार झाले ते एकाग्रतेने झाले.

आमची मुलगी धनलक्ष्मी यंदा बारावीला आहे. मी टीव्हीवर आरोग्याचा कार्यक्रम लावला की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेते. टीव्हीचा आवाज छप्पन्नवर होता. जुने टीव्ही असेच, आकडा मोठा दाखवतात, आवाज निघत नाही. समोरचे वाणी येऊन काहीतरी सांगून गेले. बहुधा त्यांनाही तो कार्यक्रम आवडतो.

१० ऑगस्ट, रविवार

सेमिनारचे विषय वाटले. प्रत्येकाने बारा मिनिटं बोलायचं. मला आलाय : "म्हशी : गैरसमज आणि वास्तव".

आधी जरा दचकलो. मग विचार केला. माणसाचं आरोग्य दुधावर, दूध म्हशीवर. दृष्टिकोन नवीन आहे. मॅडम पुढचा विचार करतात.

बाकीच्यांना रक्तदाब, मलेरिया असले नेहमीचेच विषय. मला जरा वेगळा दिला, यात त्यांचा माझ्यावरचा विश्वास दिसतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

उजनीच्या पाणलोटाला आमचा एक चुलत मेहुणा राहतो. त्याच्या दावणीला नऊ म्हशी. त्याला फोन लावून दीड तास माहिती घेतली. तो फोनवरही मोठ्याने बोलतो, त्यामुळे एक अक्षर सुटलं नाही. गैरसमज सात मिळाले, वास्तव चार. तक्ता केला. धनलक्ष्मीला म्हैस काढून दे म्हटलं. तिने काढून दिली, पण तोंडावर हात धरून काढली.

२४ ऑगस्ट, रविवार

सेमिनार झाला. जोरदार.

"म्हैस पाण्यात बसली की दूध पातळ होतं" या गैरसमजापासून सुरुवात केली. दोन मिनिटांत वर्ग हसायला लागला. श्रोत्यांना हलकंफुलकं आवडतं. शेवटी टाळ्या कडाडल्या. उदयसिंह डोळे पुसत होता.

मॅडम मात्र गंभीर. त्यांनी उठून फळ्यावर एक शब्द लिहिला : लशी. मग माझ्याजवळ येऊन बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं. मी मान हलवली. विषय ऐनवेळी बदलला असणार आणि मला कुणी कळवलं नाही. असल्या ढिसाळपणामुळेच आपल्याकडे संशोधन मागे पडतं.

१४ सप्टेंबर, रविवार

घटक चाचणी होती. मी सकाळी साडेनऊला, दोन पेनं घेऊन हजर. वर्ग रिकामा. चाचणी काल, शनिवारी झाली, आणि काल मी वर्ग बुडवून घरी तिचाच अभ्यास करत होतो. मॅडमनी शनिवार सांगितलं होतं म्हणे. मी लिहून घेतलेलं दाखवलं, स्वच्छ "रविवारी". "वारी" तर बरोबर आहे. आधीची दोन अक्षरं मॅडमनी खाल्ली, त्याला मी काय करू?

संकल्प : वर्गात पहिल्या बाकावर बसायचं. तिथे पुटपुटणं जवळून ऐकू येतं.

२१ सप्टेंबर, रविवार

आजची बातमी मोठी आहे. प्रकल्पासाठी मॅडमनी विषय घेतलाय : यंत्रमाग कामगारांची श्रवणशक्ती. आणि त्यासाठी युनिट कुणाचं? आमचं. प्रमुख कोण? मी. विषय या वेळी फळ्यावर लिहिला होता, शिवाय उदयसिंहकडून तपासून घेतला.

तीस कामगारांचा फॉर्म भरायचा. मग तपासणी करणाऱ्या ताई मशीन घेऊन येणार. मॅडमनी फळ्यावर चित्र काढून समजावलं. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कानाच्या आतले बारीक केस मरतात. ते परत येत नाहीत. आधी बारीक, टोकदार आवाज जातात. स, श, त, क. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत.

बिचारे कामगार. मी अठ्ठावीस वर्षं त्यांच्यात काढली आणि मला याची कल्पना नव्हती.

११ ऑक्टोबर, शनिवार

अंतर्गत तोंडी परीक्षा. बाहेरून एक सर आले होते, मिशीवाले. मिशीत बोलणाऱ्या माणसाला परीक्षक नेमूच नये. त्यांनी विचारलं, कॉलर कशी पसरते. मी कॉलर नीट केली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी वरचं बटण लावलं. मग त्यांनी कागदावर "कॉलरा" असं लिहून दाखवलं. तोवर वेळ संपली होती.

शिस्तीचे मार्क नक्की मिळतील.

१९ ऑक्टोबर, रविवार

तीसही फॉर्म भरून झाले. प्रश्न साधेच होते. घरचे टीव्ही लहान करायला सांगतात का? लोक पुटपुटतात असं वाटतं का? फोनवर घोटाळे होतात का? तुम्ही फार मोठ्याने बोलता, असं कुणी म्हणतं का?

भीमा पंचवीस वर्षांचा, दोनच वर्षं मागावर. त्याचं सगळं "न्हाय". जुन्या माणसांची मात्र होकारांची रांग. तरी प्रत्येकाकडे कारण तयार. एकाचा टीव्ही खराब, एकाची सून हळू बोलते.

मी रिपोर्टमध्ये स्वतःचं निरीक्षण जोडलं : "या लोकांचं विशेष म्हणजे त्यांना स्वतःला कळत नाही. घरच्यांना मात्र कधीचंच कळलेलं असतं."

हे वाक्य मला फार आवडलं. सौ.ला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी बोलली. बहुधा छान आहे म्हणाली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज रात्री वाचन नाही. युनिटमधल्या प्रभुचा हात मागात आला.

दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. माग सगळे बंद. प्रभुला टॉवेलचा एक लॉट संपवायचा होता, म्हणून त्याचा एकटाच चालू होता. उजव्या हाताची दोन बोटं. मी दहा पावलांवर, पाठ करून, पोषणशास्त्राचं पुस्तक वाचत उभा होतो. भीमा बाहेर नळावर डबा धूत होता. तो पळत आला, माझ्या बाजूनेच गेला आणि त्याने बटण दाबलं. तेव्हा मी वळलो.

रक्त बघून मी ताबडतोब कामाला लागलो. स्वच्छ टॉवेल, घट्ट दाब, हात वर. रिक्षा. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बांधलंय चांगलं. बोटं वाचली. अकरा टाके.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मालकांनी विचारलं, तुम्ही तिथेच होता ना? मी म्हटलं, माग चालू असताना कुणालाच काही ऐकू येत नाही. त्यांनी मान हलवली.

एकच माग चालू होता, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुस्तकात लक्ष होतं. एकाग्रतेचा हा तोटा असतो.

पण भीमा नळावर होता. नळ भिंतीच्या पलीकडे आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

तपासणीचा दिवस. युनिट बंद, मालकांची केबिन मिळाली होती, शांत. तपासणीच्या ताई मशीन आणि हेडफोन घेऊन आल्या. कानात "टीं" वाजलं की बटण दाबायचं, इतकं सोपं. मॅडम आणि उदयसिंह नोंदी घेत होते. मी रांग लावायला.

तिसांपैकी एकोणीस जणांचे कान गेलेले निघाले. मी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला.

शेवटी ताई म्हणाल्या की तुलनेसाठी एक चांगल्या कानाचा नमुना पण घेऊ. मॅडमनी उदयसिंहकडे बघितलं. मी पुढे झालो. वयाने जवळचा, त्याच वातावरणातला आणि निरोगी, असा नमुना शास्त्रीय दृष्टीने जास्त उपयोगाचा.

हेडफोन लावले. डोळे मिटले. बटणावर अंगठा ठेवून मशीन सुरू व्हायची वाट बघत बसलो. दोनतीनदा घुमल्यासारखं झालं, तेव्हा दाबलं. मग परत वाट. बराच वेळ गेला. मला वाटलं लाईट गेली असेल. डोळे उघडले तर ताई हेडफोन काढत होत्या.

मी विचारलं, सुरू कधी करताय?

त्यांनी माझ्या समोर खुर्ची ओढली, ओठ दिसतील असं तोंड समोर केलं आणि म्हणाल्या, "काका, झाली तपासणी."

२४ नोव्हेंबर, सोमवार

मशीन खराब होतं. तीस माणसांनंतर गरम झालं असणार. मागसुद्धा गरम झाला की चुका करतो. ताईंना फोन करून हे कळवलं. त्या काय म्हणाल्या ते फोनवर समजलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वर्गाला दांडी. प्रभुच्या घरी गेलो. त्याची आई गौरम्मा दारातच तूर निवडत बसली होती. ती कानडीतच बोलते, आणि तिचं मला सगळं कळलं. ती माझ्याकडे बघून, मोठ्याने, हात हलवत बोलत होती. सगळ्यांनी असं बोलावं.

प्रभुची बोटं आता वाकतात. चहा झाल्यावर मी त्याला विचारलं, त्या दिवशी तू ओरडला होतास का?

तो खाली बघत होता. मग मला कळावं म्हणून मान वर केली.

"अण्णा, तुमचंच नाव घेतलं की. तीनदा."

मी म्हटलं, एक माग चालू होता.

"व्हय," म्हणाला. "एकच होता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी आलो. सौ. भाकरी करत होती. मी तिला सगळं सांगितलं, मशीनचं आणि प्रभुचं. ती तवा उतरवून माझ्या पुढ्यात येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "तीन वर्षं झाली, मी तुमच्याशी समोर येऊनच बोलते. मागून बोलायचं सोडून दिलंय. तुमच्या लक्षात नाही आलं?"

नाही आलं. मला वाटायचं तिला माझ्याजवळ बसायला आवडतं.

हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, तेही आहेच.

३ डिसेंबर, बुधवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. सौ. सोबत. दोन्ही कान. आवाजानेच झालंय. गेलेलं परत येत नाही, आहे ते जपायचं, यंत्र लावलं की पुष्कळ फरक पडेल. त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं. दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची एकच चूक सापडली.

तिसांपैकी एकोणीस नव्हे. एकतिसांपैकी वीस. मॅडमना मेसेज करून आकडा दुरुस्त करायला सांगितला.

५ डिसेंबर, शुक्रवार

मालकांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांना माझा कागद दाखवला आणि कानात घालायचे बोळे सगळ्यांना दिलेच पाहिजेत म्हटलं. शिवाय सुट्टीत एकटा माग चालवायला बंदी. आणि त्या दिवशी मला ऐकू यायला हवं होतं, हेही सांगितलं. फार मोठ्याने बोललो असणार, कारण बाहेर सगळे माग बंद करून माणसं दाराशी जमली.

मालक कबूल झाले. बोळे सोमवारी येतायत.

२१ डिसेंबर, रविवार

सत्राचे लेखी पेपर संपले. बरे गेले. उत्तर कमी आणि कागद जास्त, असं दोनच ठिकाणी झालं.

१८ जानेवारी २०२६, रविवार

निकाल. पाचपैकी तीन विषय राहिले. प्रकल्पात मात्र सगळ्यात जास्त मार्क.

मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट आज एक फार मोठा उलगडा झाला. मी नापास का झालो? कान. ज्याने चटणी ऐकली तो किडनी कुठून लिहिणार? म्हणजे दोष बुद्धीचा नाहीच. बुद्धी फर्स्ट क्लासची, तिच्यापर्यंत माल पोचत नव्हता इतकंच. सूतच तुटकं आलं तर विणकर काय करेल?

बारावीच्या बत्तीस टक्क्यांचंही हेच कारण असणार. सौ. म्हणाली, तेव्हा तुम्ही माग कुठे चालवत होता? मी ऐकू न आल्यासारखं केलं. अजून तीन दिवस ती सवलत आहे. बुधवारी यंत्र मिळतंय.

संकल्प : राहिलेले तीन आणि नवे पाच, आठही विषयांत पहिला वर्ग.

२१ जानेवारी, बुधवार

यंत्र बसवलं. दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढं.

दवाखान्यातून बाहेर पडलो आणि रस्त्यातच थांबलो. माझी चप्पल वाजते. पिशवी वाजते. सौ.च्या बांगड्या वाजतात, हे मी विसरलोच होतो. रिक्षात ती बाहेर बघत, माझ्याकडे पाठ करून काहीतरी म्हणाली. मी उत्तर दिलं. ती वळली नाही. बाहेरच बघत राहिली आणि पदर डोळ्याला लावला. धूळ फार आहे त्या रस्त्याला.

घरी टीव्ही लावला. छप्पन्नवर. मीच दचकून उठलो. समोरच्या वाण्यांकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, कार्यक्रम चांगला असतो.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी १.१५

नव्या सत्राचा पहिला वर्ग. पहाटे पाचला उठून आंघोळ केली. पहिला बाक. नवी वही.

सगळं ऐकू येत होतं. पंखा कुरकुरतो. मागच्या बाकावर कुणीतरी चिप्स खातंय. उदयसिंह पेनाचं टोपण चावतो. आणि उत्कर्षा मॅडम, त्या मुळीच पुटपुटत नाहीत. खणखणीत आवाज आहे. सावकाश बोलतात, प्रत्येक शब्द सुटा, महत्त्वाचं दोनदा सांगतात.

विषय होता रोगप्रतिकारशक्ती. दीड तास. स ऐकला, श ऐकला, त आणि क ऐकले. एकही शब्द सुटला नाही. सगळे लिहून घेतले, अकरा पानं. वर्ग संपल्यावर पहिल्यापासून वाचून काढली. मग परत एकदा वाचली.

काहीही कळलं नाही.

मुलं डबे खाऊन आता उठून चालली होती. उदयसिंहला अजून जुनी सवय. तो दारातून, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा ओरडला, "काका, कळलं का?"

सगळे वळून बघायला लागले. मॅडमसुद्धा.

मी वही मिटली आणि म्हटलं, "हळू बोल की. मला ऐकू येतंय."